उसना कचरा

आमच्या घरात कचरा होत नाही, एवढ्याच अपराधापायी गेल्या वर्षी माझं नाव उघड्यावर कचरा फेकणाऱ्यांच्या यादीत लागायची पाळी आली. ती यादी लावायची कल्पना माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमचे शेजारी पांढरीपांडे वकील सांगतीलच.

मी अमरावतीत ज्युनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतो. चाळीसेक घरांची आमची कॉलनी आणि तिच्या मधोमध एक रिकामा प्लॉट. त्याचा मालक कुठे असतो कुणाला ठाऊक नाही, पण त्याच्या प्लॉटवर आपला सगळ्यांचा हक्क आहे अशी कॉलनीची समजूत. सकाळी फिरायला निघालेला माणूस हातात पिशवी घेऊन जायचा आणि मोकळ्या हाताने परत यायचा. मग एके दिवशी वॉर्ड ऑफिसची माणसं आली आणि प्रत्येक दारावर क्यूआर कोडची पाटी ठोकून गेली. रोज साडेसातला घंटागाडी येणार. आपण हिरव्या डब्यात ओला आणि निळ्या डब्यात सुका कचरा द्यायचा. गाडीवरच्या शोभाताई त्याचा फोटो काढणार, पाटी स्कॅन करणार, आणि त्यांच्या मोबाइलमधून 'टिंग' असा आवाज येणार. टिंग झालं की तुम्ही सभ्य माणूस.

कॉलनीच्या कमिटीचा सचिव मी. (निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. सभेत मी पाणी प्यायला उठलो आणि परत येईस्तोवर सचिव झालो होतो.) पण पद कसंही मिळो, एकदा मिळालं की माणसाला भाषण सुचतं. मला वीस मिनिटांचं सुचलं.

"ज्या घरातून सात दिवस कचरा जात नाही, त्या घरचा कचरा जातो कुठे?" मी सभेत विचारलं. "प्लॉटवर जातो! वॉर्ड ऑफिसकडून दर सोमवारी अशा लोकांची यादी मागवायची आणि गेटजवळच्या फलकावर लावायची. नावासकट."

टाळ्या पडल्या. फक्त वकिलांनी हात वर केला.

"अन् सर, एखाद्याच्या घरी कचराच होत नसन तं?"

"वकीलसाहेब, असं एक घर मला अख्ख्या अमरावतीत दाखवा," मी म्हणालो. पुन्हा टाळ्या पडल्या.

पंधरा दिवसांनी आई आमच्याकडे राहायला आली.

आई धामणगावाकडची. सगळा जन्म शेतात गेला. गुडघे बोलायला लागल्यापासून सहा महिने अकोल्याला माझ्या बहिणीकडे आणि सहा महिने माझ्याकडे, अशी तिची वाटणी आहे. या खेपेला मात्र सहा महिने भरायच्या आतच बहिणीने तिला गाडीत बसवून दिलं आणि मला फोन केला. "दादा, आईले पाठवलं. अन् डब्ब्याइकडे लक्ष ठेवजो." कोणत्या डब्यांकडे, ते तिने सांगितलं नाही. ती हसत होती एवढं मात्र ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा डबा अंगणात घासूनपुसून पालथा घातलेला दिसला. संध्याकाळी त्यात तुरीची डाळ होती. निळ्या डब्यात वाकळ शिवायच्या चिंध्या.

"माय, तो कचऱ्याचा डबा आहे."

"इतका चांगला झाकनाचा डब्बा, अन् त्यात कचरा टाकता? डोस्कं फिरलं का तुमचं?"

"मग कचरा कुठे टाकायचा?"

"कोनता कचरा?" आईने विचारलं.

तिने हे अगदी मनापासून विचारलं होतं. तिचंही बरोबर होतं म्हणा. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी चुलीत जायची, तूर निघाली की तुराट्यांचं कुंपण व्हायचं, चुलीतली राख भांड्यांना लागायची. घरातून उचलून बाहेर फेकण्यासारखं काही असतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं आणि अमरावतीत येऊन ते पाहायची तिची तयारी नव्हती.

भाजीची देठं आणि सालं गेटवर येणाऱ्या गाईला जाऊ लागली. (आधी ही गाय आमच्या गल्लीत यायचीसुद्धा नाही. तीन दिवसांत ती माझ्या स्कूटरचा आवाज ओळखायला लागली.) चहाचा चोथा गुलाबाला. संत्र्याची सालं गच्चीवर वाळत. दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या घरात बाळंतीण आहे. एक दिवस माझी जुनी पँट दारात पायपुसणं होऊन पडली होती. मी तिच्यावर नीट पाय पुसून कॉलेजला गेलो आणि तास घेताना माझ्या लक्षात आलं की ती जुनी नव्हती.

माझी बायको सुनीता सुरुवातीला कुरकुरली. पण दोन दिवसांतच ती आईच्या पक्षात गेली. "अहो, घर किती मोकळं दिसून राहिलं," ती म्हणाली. मीही खूश होतो. मला एकच गोष्ट सुचली नाही आणि ती मला गुरुवारी सकाळी शोभाताईंनी सुचवली.

"सर, तुमच्या घरचं टिंग नाई झालं चार दिवसापासून."

"कचरा नव्हता हो."

"असं कसं. रविवारपावतर नाई झालं तं सात दिवस भरते, अन् सोमवारच्या यादीत नाव येते. आपोआप येते ते, कम्प्युटरमधून."

"मग करून टाका ना स्कॅन."

"अन् फोटो कायचा काढू? रिकाम्या डब्ब्याचा?"

"रिकामा कुठे, डाळ आहे त्यात," मी बोलून गेलो.

शोभाताईंनी मोबाइल परत खिशात ठेवला. मग म्हणाल्या, "सर, मी नसतं मनावर घेतलं. पन यादी लावाचं तुमीच सांगतलं ना?" आणि गाडी पुढे गेली.

या कॉलनीत माझे तीन विद्यार्थी राहतात. त्यांचे आईबाप मला 'सर' म्हणतात. वीस मिनिटं मी या सगळ्यांना सभ्यपणा शिकवला होता, आणि आता त्याच फलकावर 'उघड्यावर कचरा टाकणारे' या मथळ्याखाली 'प्रा. अरुण इंगोले' असं वाचून ते दूध आणायला जाणार होते. काहीही करून रविवारच्या आत माझ्या घरातून कचरा निघायला हवा होता.

शुक्रवारी मी केळी, भुईमुगाच्या शेंगा आणि वेफर्सची दोन पाकिटं आणली. कचरा व्हावा या शुद्ध हेतूने केळं खाणारा रसायनशास्त्राचा मी पहिलाच प्राध्यापक असेन. गेटजवळ उभा राहून पहिलं केळं सोललं. साल डब्याकडे न्यायला वळलो तर गेटवरून एक लांब जीभ आली आणि साल घेऊन गेली. दुसऱ्या केळ्याचंही तेच झालं. तिसऱ्याच्या वेळी गाईने केळंसुद्धा घेतलं.

शेंगांची टरफलं मी पेपरवर जमा करत होतो, तोवर आई येऊन बसली. "आन इकडे. कुंड्याइत घालतो," म्हणाली, आणि पेपरसकट उचलून घेऊन गेली. राहिली वेफर्सची पाकिटं. ती तर कुणाच्याच कामाची नाहीत, अशी माझी खात्री होती. बाथरूममध्ये दार लावून मी दोन्ही पाकिटं संपवली. दार उघडलं तर आई समोर उभी.

"आतून चांदीवानी हाय हे," पाकीट उलटं करून पाहत ती म्हणाली. "आमच्याकडच्या बचत गटातल्या बाया याच्या पट्ट्या करून आसन इनते. दोनात नाई होत. अजून धा आनजो."

आणखी दहा पाकिटं खाऊन माझी तब्येत बिघडली असती आणि तरी कचरा झालाच नसता. शनिवारी संध्याकाळी मी मनाचा हिय्या करून वकिलांकडे गेलो. त्यांच्या घरी रोज कुठून ना कुठून पार्सल येतं आणि दोन्ही डबे शिगोशीग भरलेले असतात, हे सचिव या नात्याने मला माहीत होतं.

"वकीलसाहेब, एक काम होतं."

"बोला की."

"थोडा कचरा मिळेल का?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय म्हणता?"

"उसना. सोमवारी परत करतो." (आपण काय बोलतोय, याचं भान मला राहिलं नव्हतं.)

"ओला पाहिजे की सुका?"

"सुका चालेल. मिक्स नको, नियमात बसत नाही."

मी सगळी हकीकत सांगितली. वकील इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग आत जाऊन गाठ मारलेली एक गच्च भरलेली पिशवी घेऊन आले आणि एकदम गंभीर झाले. "इंगोले सर, पिशवी खोलू नका. जशी आहे तशी गाडीत टाका." मला वाटलं, वकिली सवय. पुराव्याचं सील तोडायचं नसतं.

पिशवी मी स्कूटरमागे लपवली आणि निर्धास्त झोपलो. इथे माझी चूक झाली. मी सहाला उठतो आणि आई पाचला उठते.

मी उठून बाहेर आलो तेव्हा वकिलांची पिशवी धुऊन दोरीवर वाळत होती. अंगणात पिशवीतला सगळा माल शिस्तीत मांडून ठेवलेला. पुठ्ठे एकावर एक, पार्सलवरचं वकिलांचं नाव वर करून, सुतळीचा गुंडा नीट गुंडाळलेला, थर्माकोल वेगळं. आई मात्र घरात नव्हती. तेवढ्यात वकिलांच्या अंगणातून तिचा आवाज आला.

"वकीलीनबाई, हा चमचा तुमचा ना वं? तुमच्या कचऱ्यात आला होता. अन् हे काजूकतलीचे डब्बे, पाचही चांगले हाय. मी ठिऊ का मसाल्याले?"

मधल्या भिंतीआड मी जागच्या जागी बसलो. पांढरीपांडे वकिलांना शुगर आहे. वहिनी त्यांना दोन वर्षांपासून फिका चहा देतात आणि पोळीसुद्धा मोजून वाढतात, हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे.

"किती डबे म्हणालात आजी?" वहिनींनी विचारलं.

"पाच. एकात अर्धा तुकडा हाय अजून. मुंग्या लागल्या नाईत."

"अहो," वहिनी घराकडे तोंड करून म्हणाल्या, "जरा बाहेर या."

कोर्टात दोन दोन तास न थांबता बोलणाऱ्या वकिलांच्या चपला दारापर्यंत आल्या आणि तिथूनच परत घरात वळल्या.

घड्याळात पावणेसात वाजले होते. घंटागाडी साडेसातला. घरात चिमूटभर कचरा नाही आणि ज्यांच्याकडे आहे ते आता मला उभं करणार नाहीत. पाऊण तासात ताजा कचरा मिळेल अशी एकच जागा कॉलनीत होती. मी एक गोणपाट उचललं आणि रिकाम्या प्लॉटवर गेलो.

इतकी वर्षं मी त्या प्लॉटवर कचरा टाकणाऱ्यांना नावं ठेवत आलो. त्या दिवशी मला त्यांचे उपकार वाटले. बाटल्या, नारळाच्या करवंट्या, पत्रावळी, भाजीपाला, जे हाताला लागेल ते गोणपाटात भरलं. भरता भरता मनाला बरं वाटायला लागलं. प्लॉटही साफ होतोय आणि माझं नावही वाचतंय! गोणपाट खांद्यावर टाकून मी उभा राहिलो आणि समोर मोटरसायकल थांबली. वॉर्डाचे स्वच्छता निरीक्षक. त्यांनी आधी फोटो काढला, मग खाली उतरले.

"काय टाकून राहिले?"

"टाकत नाही, उचलतोय."

"पकडल्यावर सगळेच उचलते," ते शांतपणे म्हणाले. "कावून उचलून राहिले?"

"घंटागाडीत द्यायला."

"मंग घरचा द्या ना. घरी नाई का कचरा?"

"आमच्या घरी होत नाही."

निरीक्षकांनी मान हलवली. "नाव सांगा."

मी सांगितलं. त्यांनी मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाइलकडे पाहिलं. "इंगोले सर? सचिव? रविवारी सकाळी प्लॉटवर येऊन लोकायले रंगेहाथ पकडा, म्हणून अर्ज केला होता तो तुमीच ना?"

तो अर्ज मीच केला होता. तीन पानी होता.

एवढ्यात वकील आले. चेहऱ्यावरून वहिनींशी बोलणं झालेलं दिसत होतं. "साहेब, मी साक्षीदार आहे," ते म्हणाले. "हा माणूस काल संध्याकाळी माझ्या घरी कचरा मागायला आला होता."

"कचरा मांगाले?"

"उसना," वकील म्हणाले. "सोमवारी परत करतो म्हणाला."

यातला शब्द न् शब्द खरा होता. निरीक्षक माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात काठी टेकत आई आली.

"काय झालं?"

"आजी, तुमच्या पोरानं उघड्यावर कचरा फेकला."

"याच्यापाशी कचरा आला कुठून?" आईने विचारलं. आईने माझी इतकी भक्कम बाजू आजवर घेतली नव्हती. "माह्या घरात चला, अन् एक सालटं दाखवा मले."

निरीक्षक घरात आले आणि अर्धा तास बाहेरच निघाले नाहीत. त्यांनी दोरीवरच्या पिशव्या पाहिल्या, गच्चीवरची सालं पाहिली, हिरव्या डब्यातली डाळ पाहिली, पायपुसण्याच्या खिशात हात घालून पाहिला. चहा घेतला. त्या चहाचा चोथा आईने त्यांच्या डोळ्यांदेखत गुलाबाला घातला. तिकडे साडेसातला घंटागाडी आली. मी गोणपाट घेऊन धावलो.

"शोभाताई, घ्या. काढा फोटो."

शोभाताईंनी गोणपाटात डोकावून पाहिलं. "सर, ओला-सुका एकत्र हाय हे. नाई चालत."

"आजचा दिवस घ्या ना."

"घेतलं असतं. पन मिक्स कचरा घरी परत द्याचा, हे बी तुमच्याच भाषणात होतं." त्यांनी गोणपाट माझ्या हातात दिलं आणि गाडी पुढे नेली.

निरीक्षक बाहेर आले ते आईला नमस्कार करतच. "आजी, बावीस वर्षं झाली मले या कामात. असं घर नाई पाह्यलं. तुमचं नाव लावतो मी बोर्डावर, 'शून्य कचरा घर' म्हनून."

मला धीर आला. "मग साहेब, माझं नाव..."

"तुमचं येगळं. घर आजीचं साफ हाय. पन सात दिवसाचं स्कॅन नाई, अन् प्लॉटवरचा फोटो गेला वरती. आता कम्प्युटर माह्यं बी आयकत नाई."

सोमवारी यादी आली. माझ्या भाषणाचा कॉलनीवर फार खोल परिणाम झाला असावा, कारण अख्ख्या यादीत एकच नाव होतं. खाली सचिवाच्या सहीची जागा सोडली होती. मी सही केली आणि चार टाचण्यांनी यादी फलकावर लावली. शेजारी आईचं नाव. ठळक, भोवती फुलांची नक्षी.

आई हौसेने पाहायला आली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिने फक्त मोठी अक्षरं वाचली. आपलं नाव एकेक अक्षर करून वाचलं, मग माझं वाचलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "दोघायचं बी नाव आलं बाप्पा. तुह्या बाबानं पाह्यलं पायजे होतं." मथळा बारीक अक्षरात होता. मी चष्मा आणायला गेलो नाही. आई इतकी खूश होती की त्या क्षणी मला खरोखरच काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. मागून वकील खोकले, तरीसुद्धा.

आठ दिवस मी मागच्या रस्त्याने कॉलेजला गेलो. नवव्या दिवशी यादी काढली आणि तिचे तुकडे करायला घरी आणली, तर आईने हातातून घेतली. "मांगून कोरी हाय," म्हणाली आणि घडी घालून ठेवून दिली. पुढच्या रविवारी सुनीताने त्याच कागदावर किराण्याची यादी लिहिली आणि मला राजापेठेत पिटाळलं. मी मुद्दाम अनोळखी दुकानात गेलो. दुकानदार गर्दीत मोठ्याने एकेक सामान वाचून काढत होता. गूळ, हिंग, शेंगदाणे, खोबरं. कागद संपला तसा त्याने तो उलटा केला आणि तितक्याच मोठ्याने पुढे वाचायला लागला. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे अरुण इंगोले कोन हाय वो? प्राध्यापक असून उघड्यावर कचरा फेकते?"

आजूबाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आमच्याच कॉलनीत रायते," मी म्हणालो. "लई घाणेरडा माणूस हाय."